गंज आधी, चकाकी मागून



गेल्या वर्षी वैशाखातील एका रविवारी, मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. पती निवर्तलेले, मुली सासरी गेलेल्या, एकुलता एक मुलगा दहा वर्षांपासून इंग्लंडात. क्षणभर त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, पोरगा हातचा गेला."

आमच्या मनात जे यावयाचे तेच आले. परंतु त्यांनी आमची शंका ओळखली. "दारू नाही, पत्ते नाहीत. मोटार आहे, फादर. पन्नास वर्षांची जुनी मोटार. घरच्या शेडमध्ये ठेवून खोलतो आणि जोडतो. इथे घराचे वासे कुजले, पावसात माजघरात भांडी मांडून ठेवते मी. आणि तो मला मोटारीचे फोटो पाठवतो."

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात सेमिनरीतील एका जुन्या सहाध्यायाच्या निमंत्रणावरून आमचे इंग्लंडला जाणे ठरले होते. "मी त्याला चार शब्द सुनावून येतो, बाई," असे आश्वासन देऊन आम्ही त्यांना निरोप दिला. शब्दांची जुळवाजुळव विमानातच झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

स्विंडन हे शहर आपल्यापैकी पुष्कळांना नावाने ठाऊक असेल. गोव्याकडील अनेक कुटुंबे कामधंद्यानिमित्त तेथे स्थायिक झाली आहेत. पूर्वी ते आगगाडीच्या इंजिनांचे गाव होते. १८४३ पासून १९८६ पर्यंत तेथे इंजिने बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना चालत होता. आमचा हा मुलगा तेथे एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याने आम्हांला चहा दिला आणि मग, जणू आजारी माणसाच्या खोलीत नेत आहे अशा हलक्या पावलांनी, मागच्या शेडमध्ये नेले.

ती रोल्स रॉयसची 'सिल्व्हर शॅडो' होती, १९७२ सालची. हा नमुना १९६५ च्या ऑक्टोबरात प्रथम लोकांपुढे आला आणि १९८० पर्यंत क्रू येथील कारखान्यात बनत राहिला. इंजिन आठ सिलिंडरांचे, ६७५० घनसेंटिमीटरचे. वजन दोन टनांहून अधिक. नवी असताना जिच्या किमतीत इंग्लंडात साधे घर विकत घेता आले असते, ती मोटार ह्या मुलाने एका जुन्या चारचाकीच्या भावात घेतली होती. हे ऐकून आम्ही चकित झालो. तो हसून म्हणाला, "फादर, ह्या गाड्या घ्यायला स्वस्त आणि ठेवायला महाग. विकणारा हे सांगत नाही."

सुनावण्याचे चार शब्द आम्ही तूर्त मागे ठेवले आणि पाहू लागलो.

प्रथम त्याने लोहचुंबक दाखविला. जुनी मोटार घेताना हेच पहिले हत्यार, असे तो म्हणाला. पत्रा गंजून भोक पडले, की पुष्कळ विक्रेते त्यात लांबी भरून वरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही, म्हणून चोरी उघडी पडते. मात्र ह्या गाडीची दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असते. तेथे चुंबक मुळीच चिकटत नाही, आणि नवखा माणूस विनाकारण घाबरतो. उलट जेथे पोलाद आहे, म्हणजे दारांखालचा उंबरा, मागच्या चाकांवरच्या कमानी, पुढच्या मडगार्डांची खालची टोके, तेथेच खरा गंज दडून बसतो.

ह्या उंबऱ्यांना एवढे महत्त्व का? पूर्वीच्या रोल्स रॉयसना खाली लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर सांगाडा बसविलेला असे. शॅडोपासून कंपनीने वेगळी चौकट सोडून दिली. सगळा सांगाडाच गाडीचा भार पेलू लागला. त्यामुळे उंबरा सडला म्हणजे केवळ शोभा गेली असे नव्हे, तर घराची तुळईच गेली. तो कापून नवा पत्रा झाळावयाचा, तर आधी गाडी चारही बाजूंनी समतोल टेकू देऊन उभी करावी लागते आणि आतून आधाराचे दांडे लावावे लागतात. घाई केली तर सांगाडा किंचित वाकतो, आणि सगळे काम झाल्यावर दार लागेनासे होते. ह्या मुलाने एका बाजूच्या उंबऱ्यासाठी चार महिन्यांचे शनिवार घातले होते.

येथे आम्हांला आमच्या स्वतःच्या एका पराक्रमाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी सणाच्या आधी आम्ही धर्मग्रामाची जुनी जीप हौसेने रंगवून घेतली. रंग झकास बसला. लोकांनी कौतुक केले. पुढच्याच पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यावर चालकाच्या पायाखालचा पत्रा निखळून पडला, आणि आमच्या वहाणेचा एक जोड ओढ्यात गेला. रंगाखाली काय आहे हे पाहण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. ही हकीकत ऐकून तो मुलगा मनमोकळा हसला, आणि तेथून आमच्यातील अंतर कमी झाले.

मग ब्रेक. ह्या गाडीचे ब्रेक साधे नाहीत. इंजिनाला जोडलेले दोन पंप तेल दाबून दोन गोलांत साठवितात. गोलांत एका पडद्यामागे नायट्रोजन वायू भरलेला असतो. तेलाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे २५०० पौंड. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा असते, ह्यावरून वाचकांनी कल्पना करावी. ही पद्धती सित्रोएन ह्या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने घेतलेली होती. गोल धड आहेत की नाहीत, ह्याची परीक्षा सोपी आहे: इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावयाचे, आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून धोक्याचा दिवा केव्हा लागतो ते मोजावयाचे. चांगले गोल पुष्कळ दाबांपर्यंत टिकतात. ह्याच्या गाडीत तिसऱ्याच दाबाला दिवा लागला, आणि विकणाऱ्याने तर "ब्रेकचे काम नुकतेच झाले आहे" असे शपथेवर सांगितले होते!

तेलाचीही एक गोम आहे. शॅडोला विशिष्ट प्रकारचे ब्रेक ऑइल लागते. तिच्यानंतर १९८० साली आलेल्या नमुन्याला हिरवे खनिज तेल लागते. एकाचे दुसऱ्यात घातले, की आतील रबरी कडी बिघडतात आणि गाडीच्या किमतीहून दुरुस्तीचा खर्च मोठा होतो. म्हणून त्याने टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. गोल मात्र त्याने स्वतः उघडले नाहीत. दाब उतरवून, काढून, जाणत्या कारागिराकडे दिले. "एवढा दाब घरी हाताळायचा नसतो, फादर. काय घरी करायचे आणि काय नाही, हे कळणे म्हणजे निम्मे काम." चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला तिकडे रस्ताकर माफ आहे, मे २०१८ पासून, मूळ बांधणीत मोठा फेरफार झालेला नसल्यास, वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी हा मुलगा गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी तपासून घेणार आहे. दोन टनांची वस्तू थांबली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे.

मग मनाप्रमाणे फेरफार करण्याचा विषय निघाला. ह्या हौसेला मोठी परंपरा आहे. पूर्वी कंपनी फक्त चौकट व इंजिन देई, आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून वरचा साज चढवून घेई. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी मागविलेली आणि त्यांच्या १९११ मधील निधनानंतर येऊन पोचलेली पिवळी रोल्स रॉयस मागे सिंहासनासारखे आसन घेऊन आली. ती चौमहल्ला राजवाड्यात आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेऊन तिच्यावर इंग्लंडातील कारागिरांकडून साज चढविला होता. १९३० साली पोप अकरावे पायस ह्यांना मिळालेल्या मर्सिडीजमध्येही मागे एकच सिंहासनवजा खुर्ची होती. थाटाच्या मोटारीचा वेगळा उपयोगही आपल्या मुंबईने पाहिला आहे. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या सेवेस दिलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली. मदरनी तीत बसून फिरण्याऐवजी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला.

आमच्या मुलाच्या मनातही प्रथम पुष्कळ होते: रुंद चकचकीत चाके, पांढरी गादी, मोठा आवाज देणारी वाद्ये. परंतु काम करता करता त्याने एक नियम ठरविला. जो बदल उद्या पूर्ववत करता येईल, तोच करावयाचा. त्यासाठी कोठेही नवे भोक पाडावयाचे नाही. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव-तारीख लिहून पेटीत ठेवावयाचा. नवा रेडिओ त्याने हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात लपविला आहे. समोरच्या फळीवरील अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा इतका पातळ, की जुने रोगण खरवडताना पॉलिश पेपरचा एक हात जास्त पडला तर खालचे लाकूड दिसू लागते. डावीकडचे रेषांचे चित्र उजवीकडे आरशातल्यासारखे जुळविलेले असते. एक तुकडा बिघडला तर जोडी फुटते. म्हणून ते काम त्याने आधी टाकाऊ फळकुटांवर शिकून घेतले.

शेवटी आम्ही विचारले, "बाळ, एवढे सगळे कशासाठी?"

त्याने भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बोट दाखविले. ते त्याच्या वडिलांचे होते. वडील मालमोटारींचे मेस्त्री. ते वारले तेव्हा हा येथे होता, आणि अंत्यविधीला पोचू शकला नव्हता. नंतर गावी गेला तेव्हा पान्यांची पिशवी तेवढी घेऊन आला. "हे हातात घेतले, की बाबा शेजारी उभे राहून सांगतात असे वाटते."

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "आणि आईच्या माजघरात पाणी गळते, ते?"

त्याचा चेहरा उतरला. त्याला ठाऊकच नव्हते! दर रविवारी तो फोन करी, आणि आई म्हणे, "सगळे बरे आहे रे." मुलाला काळजी नको म्हणून तिने गळती लपविली, आईला आनंद व्हावा म्हणून त्याने मोटारीचे फोटो पाठविले. दोघांच्या मायेने वरून रंग दिला होता आणि खाली वासे कुजत होते. विमानात जुळविलेले आमचे शब्द एका ऐकलेल्या बाजूवर उभे होते, हेही तेव्हा आमच्या ध्यानात आले.

त्याने हिशेबाची वही काढली. पै-पैचा खर्च लिहिलेला. गादीकाम आणि रंग ह्यांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेवर त्याने आमच्या देखत रेघ मारली आणि समोर लिहिले, "घराचे छप्पर." रंग एक वर्ष लांबला. "उंबऱ्याचे काम झाले आहे, फादर. रंग थांबला तर गाडीला काही होत नाही."

आपल्याकडे कोणाला अशी हौस असेल, तर त्याने दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशी वाहने नित्याच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर चालविता येत नाहीत. आणि इतर वाहनांच्या बाबतीत, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ बांधणीशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा, खिळे-पेच पिशव्यांत घालून नावे लिहावीत, आणि खर्चाचा जो अंदाज होईल त्याच्या दुप्पट रक्कम हाताशी असल्याखेरीज आरंभ करू नये. आणि घरातील माणसांना खरा हिशेब सांगावा, तसाच त्यांचाही विचारून घ्यावा.

हेन्री रॉइस हा गरिबाचा मुलगा. लहानपणी वर्तमानपत्रे विकली, शाळा जेमतेम वर्षभर. पुढे मँचेस्टरला त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. ती मनाजोगती चालेना, म्हणून खोलून पाहिली, सुधारली, आणि शेवटी १९०४ साली स्वतःचीच मोटार बांधली. रोल्स रॉयसचे मूळ अशा एका जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत आहे. तेव्हा ह्या नादाला सरसकट वेडेपणा म्हणण्याचे धाडस आम्ही ह्यापुढे करणार नाही.

ह्या वर्षी मृगापूर्वी त्या भगिनींच्या घरावर नवे वासे चढले, कौले बदलली. परवा त्या पुन्हा ओसरीवर आल्या. हातात फोन होता. "फादर, रंग कधी देणार ते काही सांगत नाही हो. अजून राखाडीच दिसते."

आम्ही म्हणालो, "बाई, रंग शेवटीच द्यायचा असतो."

असो.