बँकेचा पत्ता बदलला, बरं का!

मैत्रिणींनो, बिऱ्हाड बदललं की आपण काय काय करतो? गॅसवाल्याला कळवतो, दूधवाल्याला सांगतो, पोस्टात अर्ज देतो. तरीही वर्षभर कुणाची ना कुणाची लग्नपत्रिका जुन्या घरी जाऊन पडतेच. मग कोट्यवधी खातेदारांच्या बँकेनं पत्ता बदलायचा म्हणजे केवढा खटाटोप! शाखेचा नव्हे हं, शाखा आहे तिथंच आहे. बदलला तो इंटरनेटवरचा पत्ता.

रिझर्व्ह बँकेनं ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ही गोष्ट जाहीर केली, २२ एप्रिलला परिपत्रक काढलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असं शेपूट असलेल्या पत्त्यावर जायला सांगितलं. सगळ्या म्हणजे आपल्या गावची नागरी सहकारी बँकसुद्धा. कारण उघड आहे. ‘डॉट कॉम’चं नाव कुणालाही चार पैसे भरून घेता येतं. बँकेसारखंच नाव, तोच रंग, तसंच बोधचिन्ह लावून दुकान थाटणारे भामटे काही कमी नाहीत. ‘डॉट बँक डॉट इन’ मात्र फक्त बँकांनाच मिळतं, आणि ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. ही संस्था रिझर्व्ह बँकेनंच १९९६ मध्ये स्थापन केलेली. त्यामुळे आता स्टेट बँक ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ झाली, एचडीएफसी बँक ‘एचडीएफसी डॉट बँक डॉट इन’.

हे स्थलांतर नीट करायचं तर पहिला नियम असा, की जुनं घर सोडायचं, पण किल्ली सोडायची नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला यंत्रानं आपोआप नव्या दारात नेऊन उभं करायचं. हे दोन-चार महिने नव्हे, वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. जुना पत्ता पासबुकांवर आहे, कार्डाच्या पाठीमागे आहे, कपाटातल्या फाइलीत आहे. बँकेनं तो सोडून दिला आणि दुसऱ्याच कुणी विकत घेतला, तर आपण बिनदिक्कत परक्याच्या घरात शिरणार! शिवाय वीजबिलाच्या नि रेल्वेच्या तिकिटांच्या पानांवरून बँकेकडे जाणाऱ्या वाटा असतात. त्या एकेक करून वळवायच्या आणि हे सगळं रहदारी कमी असताना, रात्री-अपरात्री. अर्धवट भरलेला फॉर्म मध्येच हवेत विरला तर खातेदाराचा जीव टांगणीला लागतो.

इतकं सगळं बँकेनं चोख केलं तरी एक अडचण आपल्या घरात उरतेच. आपला संकेतशब्द, म्हणजे पासवर्ड, फोननं किंवा संगणकानं ‘लक्षात’ ठेवलेला असतो ना, तो पत्त्याशी बांधलेला असतो. पत्ता बदलला की यंत्र ओळखच दाखवत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींचं असंच झालं. यजमान दौऱ्यावर, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे भरायचे, आणि पडद्यावर पासवर्डची जागा रिकामी! अंदाजानं तीनदा घातला, तिन्ही वेळा चुकला. खातं दिवसभरासाठी बंद. पैसे शेवटी उसने आणले. त्यांच्या बँकेनं पत्ता बदलल्याचा संदेश पाठवला होता, पण इंग्रजीत, आणि असा अवघड की मला बीए असून दोनदा वाचावा लागला. शाखेच्या दारात मराठीत चार ओळींची पाटी लावायला काय हरकत होती?

तेव्हा आजच एक करा. पासवर्ड यंत्राच्या भरवशावर असेल तर तो तुम्हाला स्वतःला येतो ना, हे पाहा. ‘यांना ठाऊक आहे’ हे उत्तर नको.

आणि पत्ता वाचायला शिका. पाकिटावर गाव शेवटी असतं. ‘पुणेकर मिठाईवाले, लातूर’ असं लिहिलं तर पत्र पुण्याला जात नाही! इथंही तसंच. पत्त्यातली पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगोदरचे शब्द ‘बँक डॉट इन’ हेच हवेत आणि बँकेचं नाव व ‘बँक’ यांच्यामध्येही टिंबच हवं. टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, किंवा ‘बँक डॉट इन’च्या पुढे आणखी काही डॉट कॉम जोडलेलं असेल, तर तिथून मागे फिरा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’च्या पुढे दोन तिरक्या रेघा असतात, त्या धरू नका. सोपं म्हणजे पासबुकाच्या आतल्या पानावर शाखेत विचारून नवा पत्ता हातानं लिहून ठेवा आणि तोच टाइप करा. गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका.

या बदलासाठी तुमचा खाते क्रमांक बदलत नाही, आयएफएससी बदलत नाही, कार्ड बदलत नाही. ‘पत्ता बदललाय, ओटीपी सांगा, नाहीतर खातं बंद होईल,’ असं सांगणारा, कितीही अदबीनं ‘ताई, ताई’ करो, चोरच समजा आणि फोन ठेवून द्या. आणि चुकून कुणाचे पैसे गेलेच, तर ‘घरच्यांना काय सांगू’ म्हणून रडत बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून तिथं मिनिटांचा हिशेब असतो.