पहिला मान गुरांचा

एप्रिलच्या मध्यावर आसामात रोंगाली बिहू येतो, आणि माणसांच्या आधी गुरांचा सण होतो. आसामी चैत्राच्या शेवटच्या दिवशी, गोरू बिहूला, गुरांना नदीवर किंवा तळ्यावर नेतात. वाटलेले उडीद आणि हळद अंगाला चोळून न्हाऊ घालतात. दुधीच्या, वांग्याच्या फोडी त्यांच्यावर टाकत, वर्षागणिक वाढत राहा, असं गाऊन सांगतात. संध्याकाळी गोठ्यात नवं दावं. आपल्या पोळ्याला बैल राबून झालेला असतो. आसामात भाताची नांगरट अजून पुढे आहे, आणि मान आधीच दिलेला असतो. मला ही रीत फार मोठ्या मनाची वाटते.

दुसरा दिवस, आसामी वर्षाच्या बोहाग महिन्याचा पहिला, माणसांचा. थोरांना नमस्कार, हातमागावरचा गामोसा, पिठा, लाडू.

2023मध्ये गुवाहाटीच्या सरुसजाई स्टेडियमवर 11 हजारांहून अधिक कलाकार एकत्र बिहू नाचले आणि जागतिक विक्रम झाला. त्याचा आनंद आहेच. तरी ढोल आणि म्हशीच्या शिंगाची पेपा घेऊन घरोघर जाणारी, अंगणात गाऊन घराला आशीर्वाद देणारी हुसोरी टिकणं अधिक गरजेचं आहे. म्हणून या अंकात मंचापेक्षा अंगणाला जास्त पानं दिली आहेत.