जुन्या गाडीचं इंजिन नक्की कुणाचं?

सेकंड हॅण्ड गाडी बघायला गेल्यावर आपण काय बघतो? रंग, सीट कव्हर, एसी गार होतो का आणि मीटरवरचे किलोमीटर. इंजिन सुरू झालं, धूर आला नाही, की आपण खूश! पण ते इंजिन त्याच गाडीचं आहे का, हे किती जण विचारतात? गाडी तुमच्या नावावर झाली आणि मग बोनेटखालचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. म्हणून आज त्याबद्दलच बोलूया.

उदाहरणाला डिझेल स्विफ्ट घ्या. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते तयार व्हायचं आणि इतक्या गाड्यांत बसायचं की लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. एप्रिल २०२०पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आता अशा जुन्या गाडीचं इंजिन बसलं, तर खिशाला परवडणारे रस्ते दोनच : आहे ते खोलून काम करायचं, नाहीतर भंगार बाजारातून दुसरं आणायचं. दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, मुंबईत कुर्ला, असे बाजार सगळीकडे आहेत. तिथला सगळा माल चोरीचा नसतो हं. अपघातात गेलेल्या गाड्यांचे भागही तिथेच येतात. पण मेरठचा सोतीगंज बाजार २०२१मध्ये पोलिसांनी बंद पाडला, तो चोरीच्या गाड्या कापल्या जातात म्हणूनच.

म्हणजे इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही. लपवलेलं असणं ही भानगड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदललं, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. विकणारा म्हणाला, “इंजिन बदललंय, हे बिल आणि ही नोंद,” तर त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही. “अहो, नंबरात काय ठेवलंय, गाडी बघा ना, मख्खन चालते,” असं म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

आता तपासायचं कसं? मूळ आरसी हातात घ्या, फोटो नको. तिच्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे पत्र्यावर ‘ओ’ दिसला तर काहीतरी गडबड आहे. पहिली तीन अक्षरं कंपनीची : एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई.

इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, बऱ्याचदा गिअरबॉक्स जोडतात त्या बाजूला, तेल आणि धुळीच्या थराखाली. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं फिरवलं की दिसतो. मारुतीत त्याची सुरुवातच इंजिनाचं नाव सांगते : एफ८डी म्हणजे ८०० सीसीचं, के१०बी म्हणजे एक लिटरचं, डी१३ए म्हणजे आपलं ते डिझेल. आरसीवर डी१३ए आहे आणि ब्लॉकवर दुसरंच काही, तर उत्तर मिळालं. नंबरच्या आसपास घासल्याची चमक आहे का, अक्षरं वाकडी किंवा लहान-मोठी आहेत का, तेही बघा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तर एनओसीसाठी फॉर्म २८वर हाच पेन्सिल प्रिंट लागतो. पुण्याहून बंगळुरूला किंवा इंदूरला बदली झालेल्यांना तो चांगलाच माहीत असेल! घासलेली जागा डोळ्यांना कळत नाही, ती कागदावर कळते. आणि नंबर पूर्ण घासून टाकला तरी ठोकताना खालचं लोखंड दबलेलं असतं. फॉरेन्सिक लॅबवाले त्यावर रसायन लावून तोच नंबर पुन्हा वर आणतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती पुढची युक्ती, कारण तिला कुठलंच कागदपत्र लागत नाही. हेडलाइटची मागची बाजू, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण अशा प्लास्टिकच्या भागांवर घड्याळासारखा एक छोटा गोल असतो. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे, त्या महिन्यात तो भाग साच्यातून निघाला. सीट बेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या लेबलवरही बऱ्याचदा तारीख असते. हिशोब सोपा आहे. गाडी मार्च २०१६ची असेल, तर तिचे भाग त्याच्या काही आठवडे किंवा महिने आधीचे असायला हवेत. भाग २०१८चा निघाला, तर तो नंतर बदललाय, बहुतेक ठोकल्यामुळे. २०१२चा निघाला, तर तो दुसऱ्या गाडीतून आलाय. एखादा हेडलाइट बदललेला असणं काहीच नाही, शहरात गाडी चालवली की होतंच. पण दोन्ही हेडलाइट, रेडिएटरचा पंखा आणि सीट बेल्ट एकाच वर्षाचे आणि गाडीपेक्षा नवे असतील, तर पुढून मोठा अपघात झाला असणार. काचांवरचे शिक्केही वाचा, सगळ्या एकाच कंपनीच्या हव्यात. टायरच्या तारखेवरून मात्र काही ठरवू नका, ते सगळेच बदलतात.

इंजिन काढून पुन्हा बसवलंय का, हे बोल्ट सांगतात. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण असते आणि पाना लागला की ती तुटते. ओळखीचा गॅरेजवाला सोबत असेल तर तो हे एका नजरेत सांगेल. त्याला चारपाचशे रुपये द्यावे लागले तरी द्या.

टोकन देण्याआधी एक काम मोबाइलवर होतं. एनसीआरबीच्या नागरिक सेवांमध्ये वाहनाच्या एनओसीची सोय आहे. गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनचा नंबर टाकला की पोलिसांच्या नोंदीत ती गाडी हवी आहे का, ते कळतं. तिथे आरसीवरचा नाही, ब्लॉकवर तुम्ही स्वतः वाचलेला इंजिन नंबर टाका.