चोरलेल्या वीणेवरचे स्तोत्र

वऱ्हाडातील ख्रिस्ती घरांत ध्वनिमुद्रणाची हौस वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. एके काळी भक्तिगीतांची ध्वनिफीत काढायची म्हटले की गायकवृंदाला मोठ्या शहरातील स्टुडिओची वाट धरावी लागे आणि तासागणिक भाडे मोजावे लागे. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या लहानशा खोलीत एक संगणक, एक मायक्रोफोन आणि त्या दोहोंना जोडणारा ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर तेच काम होऊ शकते. मग साहजिकच प्रश्न येतो : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? उत्तरादाखल बहुधा एखादे महागडे नाव सांगितले जाते आणि पाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘विकत कशाला घेता? क्रॅक मिळते की!’ माझे भांडण त्या पहिल्या नावाशी नाही. या दुसऱ्या वाक्याशी आहे.

हे वाक्य आपल्यात इतके सहज उच्चारले जाते की त्यात काही गैर आहे, याची जाणीवही उरलेली नाही. दुकानदार संगणकासोबत ‘सगळे टाकून’ देतो, मित्र पेन ड्राइव्ह आणून देतो, आणि त्या संगणकावर नाताळची गीते, उपवासकाळातील विलापगीते, मिस्साची स्तोत्रे मुद्रित होतात. सातवी आज्ञा चोरीचा निषेध करते. प्रॉटेस्टंट बांधवांच्या क्रमाने ती आठवी असली, तरी क्रम बदलल्याने तिचा अर्थ बदलत नाही. मालकाची संमती नसताना त्याची वस्तू वापरणे आणि ती वापरून देवाची स्तुती करणे, यांतील विसंगती आपल्याला बोचत कशी नाही?

समर्थनार्थ तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला युक्तिवाद असा की हे देवाचे काम आहे, त्याला कायद्याचे बंधन कसले? यात थोडे सत्य व पुष्कळ गैरसमज आहे. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीला एक सवलत आहे. खऱ्याखुऱ्या धर्मविधीत एखादे गीत सादर केले किंवा त्याचे मुद्रण ऐकवले, तर तो हक्कभंग ठरत नाही. परंतु ही सवलत विधीतील सादरीकरणाला आहे. घरच्या संगणकावर चोरीची प्रत बसवण्याला नाही. उलट १९९४च्या दुरुस्तीने आलेले कलम ६३-ब संगणकीय आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगते. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कारावास टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते, एवढीच काय ती दया. अर्थात, आपल्या घरी कोणी शिपाई येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ख्रिस्ती सदसद्विवेक शिपायाची वाट पाहत नसतो.

दुसरा युक्तिवाद श्रीमंतीचा आहे. या परदेशी कंपन्या गडगंज आहेत, आपल्या एका प्रतीने त्यांचे काय बिघडते? असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मुलांकडे पाहावे. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली कितीतरी मुले आज पुण्याला हिंजवडीत आज्ञावल्या लिहून पोट भरतात. आज्ञावली लिहिणे हे श्रम आहेत. श्रमिकाला न्याय्य मोबदला मिळावा, हे तेरावे लिओ यांनी १८९१च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात ठणकावून सांगितले. ते सुतारापुरते खरे आणि संगणकतज्ज्ञापुरते खोटे, असे होत नाही. आणि आपले एखादे गीत कोणी नावानिशाणी पुसून यूट्यूबवर टाकले की आपणच किती संतापतो! या देशात गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या चार कडव्यांसाठी जो हक्क आपण मागतो, तो दुसऱ्याच्या परिश्रमाला नाकारणे हा दुटप्पीपणा आहे.

तिसरा युक्तिवाद गरिबीचा, आणि तोच काय तो ऐकण्याजोगा. डॉलरमधली किंमत वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला किंवा कापसाच्या भावावर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या घराला परवडत नाही, हे खरे आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांनीही अत्यंत निकडीच्या वेळी दुसऱ्याच्या वस्तूने आपली गरज भागवणे ही चोरी नव्हे, असे म्हटले आहे. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे उपाशी माणूस होता. शंभर व्हायोलिनांचा तयार आवाज ही भूक नव्हे. शिवाय निकड तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा दुसरा मार्ग उरलेला नसतो. इथे तर मार्ग उघडेच आहेत.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. गायक, झिलकरी, पेटी आणि ढोलकी अशा चार पट्ट्या एकावर एक मुद्रित करून त्यांचा मेळ घालण्याचे काम ते नीट करते. एलएमएमएस हेही विनामूल्य आहे. सूर-तालाच्या सूचना क्रमाने मांडून यंत्राकडून वाजवून घ्यायच्या, म्हणजे ज्याला सीक्वेन्सिंग म्हणतात, त्यावर त्याचा भर आहे. ज्याला दोन्ही कामे एकत्र हवीत त्याच्यासाठी आर्डर आहे. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे आणि तयार प्रत अल्प देणगीत मिळते. अॅपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड त्यासोबत येतेच. आणि रीपर हे व्यावसायिक दर्जाचे सॉफ्टवेअर व्यक्तीला व सेवाभावी संस्थेला सवलतीत ६० डॉलरांना, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपयांना, मिळते.

रीपरचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी केला. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मुदत संपल्यावरही ते बंद पडत नाही. उघडताना पैसे भरण्याची आठवण तेवढी करून देते. कर्त्यांनी दाराला कुलूप लावलेले नाही. आता ही ‘सोय’ समजून वर्षानुवर्षे फुकट वापरणारा मनुष्य आणि क्रॅक शोधणारा मनुष्य यांच्यात काय फरक उरला? कुलूप नसलेल्या घरातून उचललेली वस्तूही चोरीचीच असते.

मग महागड्या नावांचा हव्यास येतो कोठून? माझ्या मते, आपल्याला काय हवे आहे याचा अंदाजच चुकलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयीच्या संविधानात भाविकांच्या सहभागी गायनाला मान दिला आणि स्थानिक संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितले. आपल्या अमरावती जिल्ह्यात त्या परंपरेची उणीव आहे काय? मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली. ज्या मातीत खंजिरी, टाळ आणि आठ मात्रांचा भजनी ठेका आहे, तिथल्या भजनाला हॉलिवूडच्या चित्रपटाचे तयार पार्श्वसंगीत कशाला हवे? यंत्राचा ठोका मिनिटाला १२० म्हणजे १२०च पडतो. आपले भजन मात्र संथ सुरू होते, हळूहळू चढते आणि शेवटी टिपेला जाते. आपल्याला मुख्यतः माणसांचे गाणे जसेच्या तसे टिपणारे साधन हवे आहे, माणसांऐवजी गाणारे नव्हे. असे साधन स्वस्तात मिळते.

वाचलेला पैसा मायक्रोफोनवर खर्च करावा. सॉफ्टवेअर बदलल्याने जो आवाज सुधारत नाही, तो मायक्रोफोन गायकाच्या जवळ आणल्याने, खिडकीला गोधडी टांगल्याने आणि पंखा बंद केल्याने सुधारतो. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी पंखा बंद करणे शक्य नाही, तर पहाटे पाचला गावे. पेटी फुटली नाही ना, हे पाहावे. आणि प्रत्येक पट्टी वेव्ह स्वरूपात वेगळी जतन करावी. स्वरलेखनाचे फिनाले हे नामांकित सॉफ्टवेअर जवळजवळ साडेतीन दशकांनंतर २०२४ साली त्याच्या कंपनीने बंद केले. कोणतेही नाव कायम टिकत नाही. गीत मात्र टिकले पाहिजे.

शेवटी एक मागणी करतो. धर्मग्रामाच्या आर्थिक समितीने मेणबत्त्या आणि फुले यांच्या खर्चाबरोबर एका परवान्याचे पैसेही मंजूर करावेत. गीतस्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशअर्जात एक ओळ घालावी : ‘हे मुद्रण प्रामाणिक साधनांवर केले आहे.’ आणि धर्मगुरूंनी प्रवचनात चोरीचा विषय काढला की खिसेकापूपाशी न थांबता संगणकापर्यंत यावे. वेदीवर चोरीचा द्राक्षारस आपण ठेवणार नाही. मग त्याच वेदीसमोर चोरीच्या साधनावर घडवलेले स्तोत्र का ठेवावे?