सामान्य ज्ञान कोणाचे?

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांनी गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घरांत हुशारीचे एक नवे माप आणले आहे. चार पर्यायांतून ज्याला अचूक उत्तर निवडता येते तो हुशार, ज्याला येत नाही तो ढ, असा सरळ हिशेब अनेक पालक करू लागले आहेत. वसतिगृहात मुलांना भेटायला येणारे आईवडील आता खाऊबरोबर सामान्य ज्ञानाचे पुस्तकही घेऊन येतात. या उत्सुकतेचे आम्ही स्वागतच करतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील आई आपल्या लेकराच्या हाती पुस्तक देते, ही गोष्ट लहान नाही. तथापि इतिहासाचे शिक्षक या नात्याने एक प्रश्न आम्हांला या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजासमोर ठेवावासा वाटतो. ज्याला आपण 'सामान्य ज्ञान' म्हणतो, ते सामान्य आहे हे कोणी ठरविले?

प्रथम या खेळाचा प्रवास पाहू. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' हा कार्यक्रम आला. तो इंग्रजीत होता आणि त्यात महाविद्यालयांचे संघ उतरत. आपल्यासारख्यांनी तो लांबूनच पाहावा, अशी त्याची घडण होती. पुढे ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' या खेळाची हिंदी आवृत्ती, म्हणजेच 'कौन बनेगा करोडपती', ३ जुलै २००० रोजी सुरू झाली. अमिताभ बच्चन यांच्या समोरच्या खुर्चीत बसण्यासाठी आता इंग्रजी लागेना, नामांकित महाविद्यालयही लागेना. २०१९ मध्ये सोनी मराठी वाहिनीवरील 'कोण होणार करोडपती'चे सूत्रसंचालन नागराज मंजुळे यांनी केले. करमाळा तालुक्यातील जेऊर गावचा, वडार समाजातून आलेला दिग्दर्शक महाराष्ट्राला मराठीत प्रश्न विचारतो आहे, हे दृश्य 'क्विझ टाइम'च्या काळात कोणाच्या कल्पनेतही नव्हते. दरवाजा रुंद झाला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

या दरवाजातून आलेल्यांपैकी दोन नावे विसरता येत नाहीत. बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार हे मनरेगाच्या कामावर संगणक चालक होते. २०११ मध्ये त्यांनी ५ कोटी रुपये जिंकले. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिताताई ताडे यांनी १ कोटी रुपये जिंकले. बबिताताई शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत. एक कोटीसाठी त्यांना १८५७ च्या उठावाचे अनुभव 'दास्तान-ए-गदर'मध्ये लिहिणाऱ्या कवीचे नाव विचारले गेले, आणि जहीर देहलवी हे उत्तर देऊन त्या करोडपती झाल्या. चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला मुघल दरबारातील कवी ठाऊक असू शकतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. ज्ञान हे पगारावर आणि पदावर अवलंबून नसते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला वर्गात देता येत नाही.

परंतु टाळ्या थांबल्यावर थोडे गणितही करावे. बबिताताईंचे मानधन दरमहा १५०० रुपये होते. वर्षाचे झाले १८,००० रुपये. या दराने एक कोटी रुपये मिळवायला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागतात. त्यांच्या यशाने आपले डोळे पाणावले, ते योग्यच झाले. मात्र त्याच मानधनावर इतर शाळांत खिचडी शिजविणाऱ्या सहस्रावधी भगिनी त्या रात्रीनंतरही तशाच राहिल्या. शाळेत शिजविलेले अन्न मिळणे हा मुलांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने प्रस्थापित झाला. हा आदेश किती सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत आढळतो? राजे, नद्या, राजधान्या आणि चषक यांना तेथे जागा आहे. आपल्या पानात पडणाऱ्या अन्नामागचा न्यायनिवाडा मात्र तेथे सहसा दिसत नाही.

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. प्रत्येक प्रश्नामागे निवड असते आणि निवड करणाऱ्याची एक जागा असते. नाशिकचेच उदाहरण घ्या. दांडीयात्रा कधी निघाली, असे विचारले की मुले क्षणात उत्तर देतात : १२ मार्च १९३०. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या याच शहरात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांनी तो नेटाने चालविला. एकाच महिन्यातील हे दोन सत्याग्रह. एकाने परकीय सत्तेला मिठाचा जाब विचारला, दुसऱ्याने स्वकीयांना माणुसकीचा. पहिला राष्ट्रीय ज्ञान ठरला आणि दुसरा 'स्थानिक' किंवा 'समाजाचा' इतिहास म्हणून बाजूला पडला. दांडीचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. पंचवटीपासून हाकेच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलालाही दांडीची तारीख पाठ असावी आणि काळारामाची नसावी, याला मात्र निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

उलट, अशी एखादी तारीख मोठ्या पडद्यावर आली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. ३० ऑक्टोबर २०२० रोजी प्रसारित झालेल्या 'कौन बनेगा करोडपती'च्या विशेष भागात सफाई कर्मचारी आंदोलनाचे नेते, मॅगसेसे पुरस्काराने सन्मानित बेजवाडा विल्सन आणि अभिनेते अनुप सोनी पाहुणे होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या, असा ६ लाख ४० हजार रुपयांचा प्रश्न विचारला गेला. उत्तर अर्थातच मनुस्मृती. लगोलग गदारोळ उठला. लखनौत गुन्हा नोंदविला गेला. लातूर जिल्ह्यातील एका आमदारांनी पोलीस अधीक्षकांकडे तक्रार केली. चारही पर्याय हिंदू धर्मग्रंथांचेच का, असा त्यांचा आक्षेप होता. घटना खरी, तारीख खरी, उत्तर खरे. तरीही ते सत्य केवळ उच्चारल्याने पोलीस ठाणे गाठले गेले. एखादी गोष्ट 'सामान्य ज्ञान' होणे हीदेखील एक लढाई असते, हे त्या आठवड्यात स्पष्ट झाले.

या लढाईत प्रश्न पडद्यावर येणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. चार पर्यायांच्या चौकटीत 'मनुस्मृती' हा शब्द मावतो, महाड मावत नाही. त्या परिषदेसाठी जागा कोणी दिली? फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी. मनुस्मृती जाळण्याचा ठराव कोणी मांडला? गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. त्याला पाठिंबा कोणी दिला? पां. ना. राजभोज यांनी. आणि ही परिषद डिसेंबरात पुन्हा का भरवावी लागली? कारण २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि पाठोपाठ तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले. हे सारे समजल्याविना एक शब्द पाठ असणे म्हणजे पाटीवर नुसते उत्तर लिहून गणित सुटल्याचे समाधान मानणे होय. द्वेषाने बोलणाऱ्याला उत्तर देताना आपल्या मुलाला त्या एका शब्दाचा आधार पुरणार नाही. त्यामागचा कार्यकारणभाव लागेल.

प्रश्न कसा विचारावा, याचा धडा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांविषयी पुस्तकात प्रश्न असतो : येथे लेणी किती? उत्तर : २४. मूल गुण मिळविते आणि पुढे जाते. परंतु दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. आता मुलांना पाटी-पेन्सिल द्या. २००० चे वर्षाचे व्याज २४०. आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. दगडावरचा हिशेब चोख जुळतो! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकचे विणकर भिक्खुसंघासाठी ठेव सांभाळत होते, एवढी त्यांची पत होती, हे मुलाला स्वतःच्या गणितातून कळते. ज्या डोंगराला लोक सर्रास 'पांडवलेणी' म्हणतात, तेथे नेमके कोणाचे हात राबले, हे तेथील अक्षरेच सांगतात. असे ज्ञान मूल विसरत नाही, कारण त्याने ते मिळविलेले असते.

यावर पालक म्हणतील, "सर, परीक्षेत तर गोळेच भरायचे असतात." शंका रास्त आहे. पोलीस भरतीपासून अनेक परीक्षांत वस्तुनिष्ठ प्रश्न असतात आणि आपल्या मुलांनी तेथे मागे राहता कामा नये. म्हणून तारखा, कलमे, नावे पाठ करायलाच हवीत; पाठांतराची टिंगल करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा लेखी उत्तरांचीच असते आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आहे. तेथे पर्याय नसतात. कोरा कागद असतो आणि त्यावर आपले म्हणणे पुराव्यासह मांडावे लागते. केवळ गोळे भरायला शिकलेले मूल त्या कागदापुढे अडखळेल.

म्हणून आमची एक सूचना आहे. १४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या शाळेत जी प्रश्नमंजूषा व्हावी, तिच्यात बरोबर उत्तराला निम्मेच गुण असावेत. उरलेले निम्मे गुण "हे तुला कशावरून ठाऊक?" या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते : परंपरेने चालत आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून नव्हे, तर स्वतः पारखून स्वीकारा. शिवाय काही प्रश्न मुलांनीच तयार करावेत. निफाडच्या मुलाला चाळीतला कांदा का सडतो हे ठाऊक असते, पेठ-सुरगाण्याच्या मुलीला नागलीचे पीक ठाऊक असते, कोणाच्या आजीला जलशातला सवाल-जवाब तोंडपाठ असतो. ही माहिती प्रश्नपत्रिकेत आली, की आपल्या घरीही ज्ञान आहे हे मुलांना प्रथमच जाणवेल. ज्या मुलाला आपले घर अडाणी वाटते, ते मूल पुढे कितीही गुण मिळवो, मान खाली घालूनच चालते.

माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, आपण ज्या क्षेत्रात काम करता, तेथील एक प्रश्न, त्याचे उत्तर आणि त्या उत्तराचा पुरावा लिहून शाळेकडे पाठवावा. परिचारिकेने औषधाच्या मात्रेचा पाठवावा, वीज मंडळातील बांधवाने रोहित्राचा, वकिलाने एखाद्या निकालाचा, शेतकऱ्याने पाण्याच्या पाळीचा. शंभर जणांनी मनावर घेतले तरी शंभर प्रश्नांची आपली स्वतःची पुस्तिका तयार होईल. आपली मुले त्या मोठ्या पडद्यावरील खुर्चीत अवश्य बसोत आणि कोटी रुपये जिंकोत. आम्हांला आनंदच होईल. पण त्या खुर्चीसमोर बसून प्रश्न निवडणाऱ्यांतही आपली मुले असावीत. त्याची तयारी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत याच वर्षापासून सुरू करता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.