परदेशी कीटकभक्षी झाड आणि वऱ्हाडचें ऊन

माशी पकडून पचविणारी ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ ही वनस्पति हल्लीं आपल्या देशांतही विकत मिळते. विज्ञानप्रदर्शनासाठीं ती बार्शीटाकळीस आणावी, असें कोणा विद्यार्थ्यास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. ही हौस समजण्यासारखी आहे. परंतु माझ्या मतें ती पुरी करणें म्हणजे त्या झाडावर अन्याय होय.

हें झाड मूळचें अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना या राज्यांच्या ओल्या, निकस भूमींतलें. तेथील मातींत नत्र फार थोडें, म्हणून तें कीटकांपासून मिळवावें लागतें. पानावरील केसांस सुमारें २० सेकंदांच्या आंत दोनदां स्पर्श झाला म्हणजे पान मिटतें. हिवाळ्यांत त्यास तीन-चार महिने थंडींतली निद्रा लागते. आपल्याकडे पौषांतली पहांट कितीही बोचरी असली तरी दुपारीं ऊन तापतेंच. आणि वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ज्या काळ्या जमिनीच्या कापसाचा व तुरीचा आम्हांस अभिमान, ती चुनखडीची सकस माती या झाडास मारक. विहिरीचें क्षारयुक्त पाणीही त्यास सोसत नाहीं. पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणीच हवें.

कोणी म्हणेल, हिवाळ्यांत तें फ्रीजमध्यें ठेवावें. कित्येक हौशी लोक तसें करतातही, व त्यांच्या चिकाटीचें मला कौतुक वाटतें. पण वैशाखाचें काय करावयाचें? शिवाय प्रदर्शनांत जो तो काडी घालून पान मिटवून पाहणार! थोड्याच वेळां मिटून तें पान काळें पडतें.

हवा मानवली तरी प्रश्न सुटतोच असें नाहीं. अमेरिकेंतील जांभळी घटपर्णी १९०६ सालीं आयर्लंडच्या दलदलींत लावण्यांत आली. ती इतकी फोफावली कीं आज तेथें ती उपद्रवी मानली जाते. उलट उत्तर कॅरोलिनांत रानांतले फ्लायट्रॅप चोरून उपटणें हा २०१४ पासून गंभीर फौजदारी गुन्हा आहे.

आणि इतक्या दूर जावें तरी कशासाठीं? २०१२ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या सातारा जिल्ह्यांतील कास पठारावर दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकतात, आणि ‘सीतेची आसवें’ हें नाजूक निळसर फूल धरणारी वनस्पति आपल्या इवल्याशा पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. वाट लांबची आहे खरी. तरी पुढील सहलीचा बेत ठरवितांना भाद्रपदांतील कासचा विचार व्हावा. तेथून उपटून कांहींही आणूं नये. बरोबर एक चांगलें भिंग मात्र न्यावें.