‘कमी चाललेली’ गाडी

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीच्या खरेदीविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेले दोन महिने आमच्या घरात ज्या प्रश्नाने ठाण मांडले होते, तो निम्मा पैशाचा आणि निम्मा शब्दांचा होता. शब्द नीट न वाचता आम्ही पैसे मोजले असते, तर वर्गात अर्थनिर्णयाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार थोडा उणावला असता. म्हणून हे लिहीत आहोत.

हकीकत थोडक्यात अशी. आम्ही दोघेही हडपसरहून सासवडकडे रोज शिकवायला जातो. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. जुनी गाडी थकली आहे. एम.ए.ला आम्हांला ज्यांनी शिकवले, त्या आमच्या सरांकडे २०२२ च्या अखेरीस घेतलेली एक हायब्रीड गाडी आहे. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले. आजवर ती ९,४०० किलोमीटर चालली आहे. “नवीच आहे, तुम्हीच घ्या,” असे सर म्हणाले आणि पंधरा लाख ही किंमतही त्यांनीच सांगितली. सरांशी घासाघीस करणे आम्हांला या जन्मी जमणारे नाही. तेव्हा घ्यायची की नाही, एवढाच निर्णय उरला.

प्रथम ‘हायब्रीड’ हा शब्द. तो मराठी शिवारात आला तो ज्वारीबरोबर. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. उत्पन्न वाढले, पण भाकरीची चव गेली, कडब्याचा कस गेला, अशी तक्रार घरोघर झाली, आणि ‘हायब्रीड’ हे विशेषण दिसायला टपोरे पण आतून निःसत्त्व अशा कशालाही, अगदी नव्या पिढीलाही, लावले जाऊ लागले. मोटारीच्या जाहिरातीत मात्र तोच शब्द प्रतिष्ठेचा झाला. त्यातही सरमिसळ आहे. २०१५ पासून काही गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रीड’ अशी अक्षरे झळकू लागली. त्यांतील छोटी मोटर एंजिनाला केवळ हातभार लावते, गाडी एकट्या विजेवर चालवू शकत नाही. खऱ्या अर्थाने दोन्ही प्रकारे चालणाऱ्या, ज्यांना बाजारात ‘स्ट्राँग हायब्रीड’ म्हणतात अशा गाड्या आपल्याकडे मध्यमवर्गाच्या टप्प्यात आल्या त्या २०२२ मध्ये: होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा. जुन्या बाजारात हे दोन्ही प्रकार ‘हायब्रीड’ या एकाच नावाने विकले जातात. तेव्हा घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की यातली कोणती?

दुसरा शब्द ‘मायलेज’. इंग्रजीत जुन्या गाडीचे मायलेज म्हणजे ती आजवर किती चालली. मराठीत मायलेज म्हणजे लिटरमागे किती जाते. ‘लो मायलेज’ गाडी म्हटली, तर आपला माणूस ती पेट्रोल पिणारी समजून दूर पळेल. म्हणून आपल्याकडचे विक्रेते ‘रनिंग कमी आहे’ असे म्हणतात. आणि हे वाक्य उच्चारताना त्यांच्या आवाजात जो भाव असतो, तो पूर्वी स्थळ सांगणाऱ्या मध्यस्थांच्या आवाजात असे. कमी चालली म्हणजे चांगली, हे गृहीतच धरलेले असते. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे.

गाडीचे वय दोन घड्याळांवर मोजावे लागते. एक किलोमीटरचे, दुसरे दिनदर्शिकेचे. उभ्या गाडीचे पहिले घड्याळ थांबते. दुसरे थांबत नाही. टायरचे रबर न झिजताही कडक होते (टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात). एंजिन ऑइल काळानेही बदलावे लागते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, बारा व्होल्टची साधी बॅटरी मान टाकते, आणि पार्किंगमधल्या उंदरांना वायरिंग आवडते, हा तर आमचा स्वानुभव आहे. हायब्रीडची मोठी बॅटरीही केवळ वापराने नव्हे, तर वयाने आणि उष्णतेनेही क्षीण होते. अनेक गाड्यांत ती थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. ती जाळी धुळीने तुंबली आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि सहसा कोणी पाहत नाही.

आता हमीपत्र. या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला साधारणतः आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर हमी असते. ‘जे आधी होईल’ या तीन शब्दांवर आमचा सारा निर्णय फिरला. सरांच्या गाडीची हमी २०३० च्या अखेरीस संपणार. तोवर आम्ही वर्षाला बारा हजारांच्या हिशेबाने फार तर साठ हजार किलोमीटर जाऊ. म्हणजे किलोमीटरची मर्यादा आम्ही कधी गाठणारच नाही. वर्षांची आधी गाठू. याच सुमारास आम्हांला त्याच बनावटीची, त्याच वर्षीची, ४१,००० किलोमीटर चाललेली एक गाडी दाखवण्यात आली. किंमत दोन लाखांनी कमी. साठ हजार मिळवले तरी ती २०३० मध्ये एक लाखाच्या आसपासच राहील. हमी दोघींची सारखीच. मग ते दोन लाख आम्ही कशासाठी मोजणार होतो? आकडा लहान असल्याच्या समाधानासाठी.

पेट्रोलच्या बचतीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. हायब्रीडचा लाभ शहरात अधिक, महामार्गावर कमी. कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि सिग्नलला एंजिन बंद ठेवते. हडपसरच्या कोंडीत ती लाभेल. दिवे घाट उतरतानाही लाभेल, पण बॅटरी लहान असल्याने ती लवकर भरते आणि उरलेली उतरण फुकट जाते. प्रत्यक्षात साधी गाडी लिटरला १४ आणि हायब्रीड २१ किलोमीटर देईल असे आम्ही धरले. बारा हजार किलोमीटरना ८५७ आणि ५७१ लिटर. फरक २८६ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस हजार. त्याच आकाराची, त्याच वयाची साधी पेट्रोल गाडी सरांच्या गाडीहून तीन लाखांनी स्वस्त मिळत होती. म्हणजे बचतीतून हा फरक भरून यायला दहा वर्षांहून अधिक काळ. ४१,००० वाल्या गाडीपाशी हा फरक एका लाखावर येतो आणि साडेतीन वर्षांत फिटतो. ‘हायब्रीड परवडते का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या किमतीला आणि कोणत्या रस्त्यावर, हे त्यात मिळवावेच लागते.

याचा अर्थ अधिक चाललेली गाडी डोळे मिटून घ्यावी असा नव्हे. आकडा मागे फिरवता येतो; सर्व्हिसच्या नोंदी सलग असतील तर ते अवघड जाते. म्हणून आम्ही प्रत्येक नोंदीची तारीख आणि तिथला आकडा ओळीने लिहून काढला, पाठांची चिकित्सा करताना प्रती ताडून पाहतात तसा. एकही आकडा मागे गेलेला नाही, एकही वर्ष गाळलेले नाही, अशी खात्री केली. बॅटरीची तपासणी अधिकृत केंद्रात करून अहवाल लेखी घेतला, आणि हमी नव्या मालकाच्या नावे चालू राहते का, हेही लेखीच विचारले. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याशिवाय नमुना २९ आणि ३० वर सही करू नये, हे तर कोणीही सांगेल.

उरला प्रश्न सरांचा. त्यांना काय सांगावे यावर आम्ही आठवडाभर अडलो. ‘सध्या जमत नाही’ असे सांगणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. शेवटी हिशेबाचा कागद घेऊनच गेलो. सरांनी भिंगाने तो सावकाश वाचला, ‘जे आधी होईल’ या शब्दांपाशी बोट ठेवले आणि म्हणाले, “हे मी घेताना वाचलेच नव्हते.” मग त्यांनी किंमत कमी करण्याची तयारी दाखवली. आम्ही ती स्वीकारली नाही. ज्याला वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच जायचे आहे, आणि जो शहरातच फिरतो, त्याला हीच गाडी अधिक काळ पुरेल. असा माणूस तिची योग्य किंमत देईल. तसा कोणी शोधायला आम्ही त्यांना मदत करत आहोत.

आम्ही ४१,००० वाली घेतली. ती पुढे कशी निघेल हे आज सांगता येत नाही. पण ती का घेतली, हे आम्ही कोणालाही कागदावर दाखवू शकतो, आणि जुनी वस्तू घेणाऱ्याने एवढे तरी करावे असे आमचे मत आहे.